गोठ्यातली वकिलात

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, त्याबद्दल आधीच माफी मागते. केडगावला चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं पाटी सुटली. पण आप्पांविषयी लिहून ठेवावं असं फार वाटतंय, आणि तोंडानं सांगायचं म्हटलं तर मला जमणार नाही.

आप्पा म्हणजे माझे मोठे दीर. गेल्या महिन्यात गेले. त्यांचा थोरला मुलगा बांधावर येऊन नुसता उभा राहिला, तेव्हा आमचे हे पेरणीची पाभर हाकत होते. त्यांनी बैल थांबवले आणि तसेच अनवाणी निघाले. वाटणी झाल्यापासून ज्या घराकडं त्यांनी मान वळवून पाहिलं नव्हतं, त्या घराकडं...

दोघा भावांना गावात नावं पडली होती. आप्पांचा फेटा लाल, म्हणून ते रशिया. आमचे हे दौंडला रेल्वेत काही वर्षं राहून विजार घालून आले, म्हणून ते अमेरिका. चावडीवर लोक विचारायचे, "काय म्हनतीया अमेरिका? बाँब कवा टाकती?" वाटणीत विहीर आणि इंजिन आप्पांकडं गेलं, ओढ्याकाठची जमीन आमच्याकडं आली. त्यावरून भर पंचांत हे बोलून गेले, "तुझ्याकडं पाणी मागाया मी कवाच येनार न्हाई." आप्पा म्हणाले, "आन् मी फुकट देनार न्हाई." झालं. घरं दोन, चुली दोन. गोठा तेवढा समाईक राहिला, कारण तो कुणीच सोडेना.

मोठ्या दिरांसमोर बोलायची आमच्यात रीत नाही. मी पदर ओढून, पाठ करून चंद्रीची धार काढायची. चंद्री आमची म्हैस. आप्पा पलीकडं त्यांच्या गाईपाशी बसून दौंडहून गाडीनं आलेला पेपर मोठ्यानं वाचायचे. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण अमेरिका काय म्हणाली, रशिया काय म्हणाला, हे मला गावातल्या कुठल्याही बाईपेक्षा जास्त कळायचं. एकदा म्हणाले, "चंद्रे, ऐक. जग जाळायचे बाँब हाईत दोघांकडं, पर दोघांचे वकील एकमेकांच्या राजधानीत राहत्यात. दारं लावून घ्येत न्हाईत. आता तर म्हनं दोघांमधी सरळ तार टाकलीया." मला हसू आलं. आमची तार शेण टाकत उभी होती.

त्या साली ओढा दिवाळीतच आटला. गहू पोटरीत आला, ओंबी बाहेर पडायच्या बेतात, आणि जमिनीला भेगा. पाण्याच्या दोन पाळ्या मिळाल्या असत्या तर वर्षाचं खाणं पदरात पडलं असतं. हे रोज बांधावर जाऊन यायचे आणि न जेवता झोपायचे. मागायचं नाही, बोलून बसले होते. तिकडं आप्पाही आपल्या शब्दात अडकलेले. मी धार काढताना चंद्रीच्या पाठीवर डोकं टेकून रडत होते. कुणी ऐकेल असं वाटलं नव्हतं.

पलीकडून पेपरची घडी वाजली. "चंद्रे, मोठी बातमी हाय. रशियाचं पीक बुडलं, तर त्यो अमेरिकेकडनं गहू घेतुया. इकत! भीक न्हाई, उपकार न्हाई. भाव ठरवायचा, पैसं मोजायचं." पेपरचं पान उलटलं. "आपल्या धाकल्यानं मागनार न्हाई म्हनलं. मी फुकट देनार न्हाई म्हनलं. इकायचं-घ्यायचं कुनी काय बोललंच न्हाई की..."

माझे हात थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ऐकू जाईल असं बोलले, तेही म्हशीला. "चंद्रे, भाव काय म्हनावा?" पलीकडून तासाचा भाव आला.

रात्री ताटावर ह्यांना सांगितलं, "भाऊजी पानी इकत्यात." ह्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. घास ताटात ठेवून म्हणाले, "तासाला काय घेत्यात?" आकडा सांगितला. "लई हाय. सांग त्यांला, इंजिनाच्या तेलाचं आत्ता, बाकीचं खळं झाल्यावर." 'त्यांला' म्हणाले. वाटणीनंतर 'तो' सोडून दुसरा शब्द मी ऐकला नव्हता. चार दिवस म्हशीच्या दोन बाजूंनी घासाघीस चालली आणि पाचव्या दिवशी आमच्या पाटात पाणी आलं. गहू असा पिकला की चावडीवरची तोंडं बंद झाली.

पैसे द्यायला मीच गेले. नोटा गव्हाणीच्या कडेवर ठेवून बाजूला झाले. आप्पांनी मोजल्या आणि एक रुपया परत कडेवर सरकवला. "चंद्रे, वकिलीनबाईला सांग, एवढी बाकी ऱ्हाऊ दे. हिशेब मिटला की येनं-जानं मिटतं." पुढं दर साली पाणी घेतलं, दर साली पैसे दिले, आणि दर साली तो रुपया परत आला. ह्यांना आधी राग यायचा. नंतर रुपया परत आला का, हेच ते पहिलं विचारायचे.

शेवटी आप्पा ओसरीवर पडून असायचे. मी दूध घेऊन गेले तर आढ्याकडं बघत म्हणाले, "चंद्रे, वकिलीनबाई आल्या का?" चंद्री तर केव्हाच गेली होती. मी पदर सावरला, पण पाठ केली नाही. म्हटलं, "आले, भाऊजी." ते हसले.

तेराव्यानंतर संध्याकाळी हे माझ्या मागोमाग गोठ्यात आले. अक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई, गाईला वैरण टाकत होत्या. ह्यांनी खिशातून रुपया काढला आणि गव्हाणीच्या कडेवर, आप्पा ठेवायचे त्याच जागी ठेवला. "वैनी, एवढी बाकी होती."

अक्कांनी रुपया उचलून पदराला गाठ मारली. "फिटली," म्हणाल्या.

हिशेब पुरता मिटला. हे आप्पांच्या पेपर वाचायच्या जागेवर टेकले आणि म्हणाले, "वैनी, च्या टाका."