चिलीम एक, शिक्षा दोन

कोर्टात खटले निकाली निघतात, किस्से निघत नाहीत! ते वकिलांच्या बाररूममधल्या टेबलाभोवती तारखांवर तारखा घेत बसतात आणि दर तारखेला थोडे अंगानं भरतात. मी वाशीमकडच्या एका तालुका कोर्टात भाऊसाहेब वकिलांची ज्युनिअर होते, तेव्हाचे हे. कोर्टाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला चहा पाजतात.

*

पहिल्याच दिवशी दारातल्या शिपायानं पुकारा केला, "आरोपी हाजिर हैऽऽ?" मी दचकून उभीच राहिले! हातातले कागद थेट मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या टेबलापर्यंत उडाले. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "साहेब, ही माझी ज्युनिअर. गुन्हा कबूल करायला उठलेली नाही."

*

तेव्हा गांजासुद्धा दारूबंदीच्याच कायद्यात यायचा. शिक्षा किमान तीन महिने. त्याहून कमी द्यायची, तर साहेबांनी निकालात 'विशेष आणि पुरेशी कारणं' लिहायची. सगळी गंमत या कारणांत होती.

किन्हीराजाकडचे एक मोठे जमीनदार, दाजीसाहेब, आपल्याच गोठ्यात चिलीम ओढताना पकडले गेले. सोबत त्यांचा सालगडी सुखदेव. चिलीम दोघांत एकच. फौजदार नवा होता, त्याला अजून माणसं ओळखता येत नव्हती!

दाजीसाहेबांनी गुन्हा कबूल केला. त्यांच्या वकिलानं विशेष कारण दिलं, "समाजात प्रतिष्ठा आहे." साहेबांनी ते लिहून घेतलं. थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे साहेब दिवसाचं काम संपवून खुर्चीतून उठेपर्यंत आरोपीनं कोर्टातच बसायचं, मग घरी जायचं.

दाजीसाहेब भिंतीकडच्या बाकावर बसले. गावाहून डबा निघाला. पण साहेबांना त्या दिवशी लग्नाला जायचं होतं, कोर्ट दुपारीच उठलं! डबा पोचला तेव्हा कैदी शिक्षा भोगून धोतर झटकत होता.

शिपाई म्हणाला, "दाजीसाहेब, जेवून तं जा."

"सुटलो ना मी! आता कैद्याचं जेवन कायले खाऊ?"

सुखदेवही त्याच तारखेला यायचा होता. पण तो दाजीसाहेबांच्याच वावरात तूर सोंगत होता. म्हणून त्याची केस वेगळी निघाली.

*

गांजाच्याच दुसऱ्या एका केसमध्ये पंच साक्षीला आला. जप्ती आपल्यासमोर झाली, पुडीत गांजाच होता, असं ठासून सांगू लागला.

भाऊसाहेबांनी विचारलं, "गांजाच होता कशावरून?"

"साहेब, पिऊन पाह्यला ना! असल माल व्हता."

सरकारी वकील खिडकीबाहेर बघायला लागले. आरोपी तीन महिन्यांसाठी आत गेला. पंच भत्ता घेऊन घरी गेला!

*

कामरगावचा एक मजूर होता. त्याच्या कनवटीला गांजाची पुडी सापडली. भाऊसाहेबांनी जीव तोडून कारणं सांगितली. म्हातारी आई आंधळी, बायकोचे दिवस भरत आलेले, पेरणी तोंडावर, घरात कमावणारा हा एकटाच.

साहेबांनी सगळं ऐकलं आणि मनापासून विचारलं, "वकीलसाहेब, हे तर सगळ्यांचंच असतं. यात विशेष काय?"

*

मग सुखदेवची केस लागली. गुन्हा शाबीत झाला, आता फक्त शिक्षा राहिली होती. त्याची बायको शेवंता दाराशी मला धरूनच बसली.

"बाई, याले तीन मयने देल्ले तं साल मोडते. मालक दुसरा गडी ठेवीन. आमची झोपडी बी मालकाच्याच वावरात हाय. लेकरं घेऊन कुठी जाऊ?"

मी म्हटलं, "काळजी करू नका." हे म्हणताना माझाच आवाज इतका कापला, की तिनं मला पाणी आणून दिलं.

आत भाऊसाहेब म्हणत होते, "गोठा तोच, चिलीम तीच. मग शिक्षा वेगळी का?"

साहेबांनी विचारलं, "पण तुमच्या आरोपीला प्रतिष्ठा कुठंय?"

"तेवढीच नाही साहेब. बाकी काम, झोपडी, जायचं ते सगळं याचंच जाईल."

नवा क्रिमिनल प्रोसिजर कोड नुकताच लागू झाला होता. शिक्षा देण्यापूर्वी आता खुद्द आरोपीलाही विचारायचं होतं. साहेबांनी सुखदेवला विचारलं, "शिक्षेबद्दल तुला काही म्हणायचंय?"

सुखदेवनं हात जोडले. "साहेब, गोठा मालकाचा, चिलम मालकाची, गांजा मालकाचा. माही फकत काडी व्हती. शिक्षा बी मालकाचीच द्या!"

कोर्ट हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं: नाममात्र दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

त्या दिवशी कुठं लग्न नव्हतं. कोर्ट पुरं संध्याकाळपर्यंत चाललं. सुखदेव बाकावर बसायला तयार होईना, बाकाखाली फरशीवर बसला. साहेब खुर्चीत जरा हलले, की शेवंता दारात उभी राहायची. तिच्याबरोबर मीही!

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीसाहेब भाऊसाहेबांच्या ऑफिसात. फेटा हातात, चेहरा उतरलेला.

"वकीलसाहेब, गावात तोंड दाखवाची सोय नाही राह्यली."

"का हो, काय झालं?"

"लोक पारावर बसून हासून राह्यले. दाजीसाहेबाले अन् सुखदेवले एकच शिक्षा, म्हनते!"

"मग आता काय करायचं म्हणता?"

"अपील करा. माही शिक्षा वाढवून मागा."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला. "दाजीसाहेब, आपलीच शिक्षा वाढवा म्हणून कोणी अपील करत नाही."

"मंग त्याची वाढवा! कोनाची बी वाढवा वकीलसाहेब, पन सारखी ठेवू नका!"