आईला न नेलेलं बँकॉक

आई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात एटोबिकोला आली होती, आणि आम्ही दोघांनी नेमकं तेव्हाच बँकॉकचं तिकीट काढलं. सात वर्षांत नवऱ्याबरोबर धड एक सुट्टी झाली नव्हती. आईला न्यायचं म्हणजे तिचं पथ्य, तिची औषधं, तिची पहाटेची आंघोळ. म्हणून मी सांगून टाकलं, "आमचे कॅनडाचे पासपोर्ट आहेत गं. तुझ्या इंडियन पासपोर्टवर व्हिसा मिळायला महिना जाईल."

खरं म्हणजे मी साधी चौकशीसुद्धा केली नव्हती. आई "बरं" म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. फ्रीजमध्ये डबे भरून, शेजारच्या, मूळच्या वसईच्या काकूंना रोज डोकावून जायला सांगून आम्ही निघालो.

बँकॉकच्या विमानतळावर उतरतो तर एका काउंटरपुढे ही मोठी रांग! सगळ्या मराठी बायका. साडीवर स्वेटर, डोक्यावर टूर कंपनीच्या पिवळ्या टोप्या. एक आजी चक्क भडंग वाटत होत्या. मला राहवलं नाही. "व्हिसा इथेच मिळतो?"

"हो की. फॉर्म भरायचा, फोटो चिकटवायचा, झालं." त्यांनी माझ्याही हातावर भडंग ठेवलं. "आईला नाही आणलंस?"

"आई भारतात असते," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझी मलाच किळस आली.

पुढचे पाच दिवस त्या टोप्या कुठे ना कुठे दिसायच्याच. राजवाड्यात धापा टाकत फिरणाऱ्या, बोटीत एकमेकींचे फोटो काढणाऱ्या. "जरा एन्जॉय कर ना," नवरा म्हणायचा. कसलं डोंबलाचं एन्जॉय! मी रोज घरी फोन करत होते.

"बर्फ पडलाय," आई सांगायची. "पाय घसरू नये म्हणून मी पायऱ्यांवर मीठ टाकलं. तुम्ही मजेत फिरा."

परत आल्यावर, अंगातलं जॅकेट काढायच्या आत मी कबूल केलं. "आई, व्हिसा तिथेच मिळतो. तुला नेता आलं असतं. मी न विचारताच ठोकून दिलं."

"माहितेय मला," आई म्हणाली. "आमच्या भिशीतल्या सगळ्या गेल्या वर्षी जाऊन आल्या. मलाही चल म्हणत होत्या."

"मग गेली का नाहीस?"

"म्हटलं, आता एकच लांबचा प्रवास झेपेल. तो लेकीकडे करीन."