मामी मारामारी सोडवते

सिनेमाच्या पडद्यावर चाललेली मारामारी सोडवायला खुर्चीतून उठलेली बाई अख्ख्या सोलापुरात एकच होऊन गेली, आणि ती माझी मामी होती. शिक्षणासाठी मी तिच्याकडे राहत होतो, ती एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं. मारधाडीच्या सिनेमांनी तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोरांना पार झपाटलं होतं. साधं जेवायला हाक मारली तरी पोरगं हवेत दोन ठोसे मारून, तोंडानं 'ढिशुम' करून मगच पाटावर बसे. मंद्रूपच्या शेतकरी घरात वाढलेल्या मामीला हे सारं डोळ्यांवाटे पोटात जाणारं विष वाटे. टिकल्यांचं पिस्तूल दिसलं की ती जप्त करी, आणि लाकडी तलवार सरळ चुलीत घाली. "बरी जळती की," एवढंच म्हणे.

मग एका दुपारी तिच्याच पोरानं, दत्तूनं, सिनेमातल्यासारखा ठोसा लगावला आणि शेजारच्या बांगडीवाल्यांच्या कासीमचा दात पाडला. मामीनं दत्तूवर हात उगारला नाही. गरम शिरा घेऊन ती त्याला कासीमच्या घरी घेऊन गेली आणि तिथं स्वतःच रडायला लागली. "बच्चे हैं, जाने देव भाभी," म्हणत कासीमची आईच हिची समजूत घालत बसली. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन मामीनं तो सिनेमा गाठला. रोगाचं मूळ बघायलाच हवं, असं तिचं म्हणणं. नायकानं खलनायकाला तुडवायला घेतलं तशी ती चुळबुळ करू लागली. तो खाली पडल्यावरही लाथा थांबेनात, तेव्हा मात्र पदर खोचून ताडकन उभी राहिली. "आरं, पडलाय की त्यो! बास कर आता. त्याला बी आई आसंल!" सगळं थेटर हसून लोळलं. मी खुर्चीखाली शिरायच्या बेतात होतो. मामी डोळे पुसत होती.

तेव्हापासून पोरांना सिनेमाला धाडण्याआधी गल्लीतल्या आया तिचा सल्ला घेऊ लागल्या. मामी आधी स्वतः बघून येई आणि डॉक्टरच्या गांभीर्यानं सांगे, "गानी बरी हायती. पर मारामारी लई. धाडू नगा." हिला सिनेमाची गोडी लागलीय, असा मामाला दाट संशय होता. तो बोलून दाखवायची हिंमत त्यानं कधी केली नाही.

आणि हाच दत्तू मोठा होऊन फौजेत भरती झाला. मामी गाडी हलेपर्यंत खिडकीतून त्याचा हात तेवढा धरून राहिली. पहिल्या रजेवर तो आला, तेव्हा गल्लीतली पोरं ओट्यावर जमली. "दत्तूदादा, किती जनांना मारलंस?" आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"कुनालाच न्हाय रं," दत्तू म्हणाला.

पोरं हिरमुसून पांगली. मामी बाहेर आली आणि पिठाच्या हातानंच तिनं त्याचा गाल कुरवाळला. उन्हानं रापलेल्या त्या गालावर तिची पांढरी बोटं उमटली. दत्तू ती न पुसता तसाच जेवायला बसला.