सुकटीचा वास

आज सुकट भाजताना परदेशातलं, स्कारबरोचं भाड्याचं बेसमेंट आठवलं. बॉयलरचं पाणी बाहेर सोडणारा पाइप थंडीत गोठायचा, म्हणून वर राहणाऱ्या घरमालकाने तो स्वतःच आमच्या वॉशरूमच्या बेसिनखाली ड्रेनला जोडला. लगेच कुजका वास सुटला. ‘क्या सड़ाते हो तुम लोग?’ तो जिन्यातून ओरडला. ‘बाई, सुकट बंद. विंटरमध्ये हाकललं तर जाणार कुठे?’ रूममेट म्हणाली. सुकट बंद झाली, वास राहिला. शेवटी त्याने बेसिनखाली डोकं घालून हुंगलं. बेसिनच्या पाइपचं, पाणी साचून गटाराची हवा अडवणारं वळण सोडून त्याने पाइप पलीकडे जोडला होता. गुपचूप त्याने तो वळणाच्या अलीकडे घेतला; वास गेला. ‘अब बना लो मछली,’ एवढंच म्हणाला. आता राहते ते घर माझं आहे. तरी सुकट भाजण्याआधी मी जिन्याचं दार लावते.