साहेबांसाठी साधंच जेवण

साध्या जेवणाइतकं अवघड काम जगात दुसरं नाही.

निजामाच्या अमलात मी पाथरीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. शाळा उर्दूत, मी मराठीत आणि पोरं दोन्हींच्या मधे! त्या साली माझी बदली आदिलाबादेकडं व्हायचं घाटत होतं. तिकडं जंगल, तेलुगू आणि हिवताप. (यातलं मला काहीच येत नव्हतं, आणि हिवताप तर यायलाही नको होता!) अशात, बदली ज्यांच्या हातात ते तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, मोठे साहेब ऐन थंडीत आमच्या शाळेवर दौरा घेऊन आले. मूळचे हैदराबादचे. अंगात शेरवानी, डोक्यावर लाल रुमी टोपी आणि टोपीला काळाभोर रेशमी गोंडा.

शाळा बघून झाल्यावर साहेब पोट चोळत म्हणाले, "मास्टरसाब, जिधर जाऊँ उधर बिर्यानी! मेदा जवाब दे गया. सादा खाना कोई खिलाताच नहीं!"

मी छाती पुढं काढली. "साब, कल जुम्मा है, छुट्टी है. हमारे घर को आना. एकदम सादा. भाकर, भरीत, बस!"

साहेब खूश. मी त्याहून खूश. आता फक्त बायकोला सांगायचं राहिलं होतं.

"साधं म्हंजी किती साधं?" गोदावरीनं विचारलं.

"साधं म्हणजे साधं. भाकरी आणि भरीत."

"अवो, साहेब यायलेत घरी, गुराखी न्हाई! भाकर वाढली तर गाव तोंडात शेण घालंल माज्या."

तेवढ्यात आत्या मधे पडली. ही माझी सख्खी आत्या, आमच्याकडंच राहायची. दिवेलागणीला तिला नीट दिसत नसे. आवाज मात्र चारी प्रहर खणखणीत. "दिगू, तुज्या बदलीचा सवाल हाय. पुरण घाला!"

झालं! पुरण आलं म्हणून कटाची आमटी आली. आमटी एकटी कशी येणार, म्हणून भजी आली. भज्यांमागं कुरडया आल्या, कुरडयांमागं भात. मी ओरडत होतो, "अगं, त्यांना साधं पाहिजे!" आणि त्या दोघी म्हणत होत्या, "मग हे साधंच हाय की!"

शुक्रवारी दुपारी शेजारचा सखाराम धनगर अंगणात उभा. माझा जिवाभावाचा दोस्त. त्याच्या हातात कासरा आणि कासऱ्याच्या टोकाला धष्टपुष्ट बकरं!

"मास्तर, सायबाला मटन न्हाई म्हंजी वरात हाय अन् नवरदेव न्हाई!"

आत्या घरातून गरजली, "माज्या चुलीवर मटन? आधी मला तिरडीवर घाला, मग बकरं चुलीवर घाला!"

सखाराम वरमला. जरा विचार करून म्हणाला, "मग नुसतं बांधून ठिवा. सायबाला दिसू तर द्या, इचार हुता म्हणून!"

मला ते पटलं. (त्या दिवशी मला काय काय पटलं, ते आठवलं की आजही घाम फुटतो.) सखाराम मेंढरं कोंडायला गेला आणि बकरं मी अंगणातल्या बाजेच्या पायाला बांधलं. गाठ मीच मारली. पोरांना हिशेब शिकवायचं काम माझं. गाठींचा आणि माझा संबंध लग्नापुरताच.

दिवस मावळायला साहेब आले. टोपी काढून जपून बाजेवर ठेवली आणि शेकोटीपाशी घोंगडीवर फतकल मारली. मी कोवळा हुरडा भाजून तळहातावर चोळून दिला. साहेबांनी डोळेच मिटले. "वाह, मास्टरसाब! ये है सादा खाना!"

निखाऱ्यात वांगी भाजत होती. गार वारं सुटलं होतं. बदली रद्द झाल्यातच जमा होती. मी सहज बाजेकडं बघितलं. बाज होती. कासरा होता. बकरं नव्हतं. आणि टोपीही नव्हती!

एवढ्यात गोदावरी दारातून दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, पुरण गेलं!"

"कुठं गेलं?"

"पोटात!"

"कुणाच्या?"

"बकऱ्याच्या!"

साहेबांनी डोळे उघडले. "क्या हुआ?"

"कुछ नहीं साब! घर में बोल रै, पुरण लय अच्छा हुआ!"

मी आत धावलो. पुरणाची परात चाटूनपुसून लख्ख. कुरडयांचा चुरा. भज्यांचं पीठ, आमटी, भात, सगळं सांडलेलं. आणि मधोमध ते बकरं, तोंडात साहेबांच्या टोपीचा गोंडा धरून, विडा चघळावा तसं निवांत चघळत होतं! मी टोपी ओढली. त्यानं गोंडा ओढला. गोंडा त्याला मिळाला. टोपी मला मिळायची, पण त्यानं असा काही हिसडा दिला, की ती उडून थेट त्याच्या शिंगावर बसली. तीही जराशी तिरकी, अगदी साहेब घालायचे तशी!

त्या थाटात बकरं माजघरात शिरलं. तिथं पाट मांडून, समई लावून आत्या साहेबांची वाट बघत बसली होती. तिला दिसली फक्त लाल टोपी.

"या सायब, या! बसा. लाजू नका, लय साधं हाय."

"बेंऽऽ!"

"अगं बाई, घसा बसला व्हय? थंडी लय बाधायली औंदा. गोदे, सायबाला सुंठीचा काढा ठीव!"

मी दारात थिजलो. आत्यानं पदर सावरला आणि ती हात जोडून बकऱ्याला म्हणाली, "सायब, आमचा दिगू लय गरीब हाय. डोक्यानं जरा कमी हाय, पर मनानं लय चांगला. त्याची बदली तेवढी करू नका."

"बेंऽऽऽ!"

"हो म्हणले गं गोदे, हो म्हणले!"

माझ्या मागं कुणीतरी खाकरलं. वळून बघतो तर खुद्द साहेब! बोडक्या डोक्यानं उभे. मला आदिलाबादेचं जंगल झाडाझाडासकट दिसायला लागलं. साहेबांनी बकऱ्याकडं बघितलं, टोपीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग ते भिंतीला टेकून असे हसत सुटले, की डोळ्यांना धारा लागल्या!

"बड़ी बी," ते कसंबसं म्हणाले, "इन्होंने जुबान दी तो बात पक्की! मैं तो इनका चपरासी हूँ!"

तेव्हा कुठं आत्याला कळलं. तिनं पदरात तोंड लपवलं ते जेवणं होईपर्यंत बाहेर काढलं नाही.

घरात खायला उरलं होतं काय? निखाऱ्यातली वांगी! गोदावरीनं घाईघाईनं भरीत कालवलं, तव्यावर भाकरी टाकल्या, ठेचा रगडला. साहेब घामाघूम होत, नाक पुसत, मागून मागून जेवले. म्हणाले, दौऱ्यात पहिल्यांदाच पोटाला आराम पडला.

सखाराम परत आला तो हात जोडतच. त्यानं आपला मुंडाशाचा पटका सोडून साहेबांच्या डोक्याला गुंडाळून दिला. साहेब गाडीत बसताना मी सगळा धीर एकवटून विचारलं, "साब, वो बदली का..."

साहेब म्हणाले, "मास्टरसाब, आदिलाबाद में शेर फिरते. जिससे एक बकरा नहीं सँभला, उसको उधर भेजूँ तो गुनाह मेरे सर!"

अशी बदली रद्द झाली. पुढं कितीतरी मास्तर मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, "खरं सांगा, वशिला कुणाचा लावला?"

मी नुसतं गंभीरपणे हसायचो. काय सांगणार? माझा वशिला सखारामच्या मेंढवाड्यात बाभळीचा पाला खात उभा होता!