रिकामं एंटर

दादा शाळेत संगणक शिकवायचा आणि उरलेला सगळा वेळ एका लायब्ररीवर घालवायचा; पुस्तकांच्या नव्हे, प्रोग्रॅमच्या. काळ्या पडद्यावर प्रोग्रॅम प्रश्न विचारतो, माणूस टाइप करून उत्तर देतो. ते उत्तर नीट घेणारा हा तयार तुकडा त्याने अकरा वर्षांपूर्वी लिहिला होता. ज्याला हवा त्याने फुकट उचलावा, आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवावा. "लष्कराच्या भाकऱ्या," आई म्हणायची. पण धाकटी बहीण ज्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोंदी ठेवायची, तिथल्या प्रोग्रॅममध्येही तोच तुकडा होता, आणि हे तो पाहुण्यांना दोन-दोनदा सांगायचा.

त्या दुपारी धाकटी लवकर घरी आली आणि चपलांसकट ओट्याशी उभी राहिली.

"सहाशे जणांचे रिपोर्ट पुसले गेले, दादा."

"बॅकअप?"

"ती डिस्क महिन्यापूर्वीच बिघडलीय. दोनदा लेखी कळवलं होतं मी. आता लॅबच्या बाई म्हणतात, पाचपर्यंत चूक कबूल करून लिहून द्या आणि उद्यापासून येऊ नका."

"हात चालवायच्या आधी डोळे चालवावेत गं," आई म्हणाली.

"रोज तोच प्रश्न येतो, आई. नोंदी पुसायच्या का? काही न टाइपता एंटर मारलं की 'नाही'. सहा वर्षं तेच करतेय. आज त्याने 'हो' धरलं. संगणकवाला म्हणतो, कालच नवीन आवृत्ती बसवलीय, तुम्हीच 'हो' टाइप केलं असणार."

दादा खाली बसला. दर वेळी 'हो' टाइप करून बोटं दुखतात, अशी तो तुकडा वापरणाऱ्यांची वर्षभर कुरकुर होती. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी रिकाम्या एंटरचं 'नाही' त्यानेच 'हो' केलं होतं. बदलांच्या यादीत, सातव्या ओळीत, लिहिलंही होतं.

"तू नाही, मी केलं ते," तो म्हणाला.

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

साडेचारला तो ती यादी छापून तिच्याबरोबर लॅबमध्ये गेला. बाईंनी कागद उलटसुलट पाहिला.

"प्रोग्रॅम तुमचा?"

"त्यातला प्रश्न विचारणारा भाग माझा."

"आमचा तुमच्याशी काही करार?"

"नाही."

"मग हा कागद मी कुठे लावू? शिवाय तुम्ही भाऊ. बहिणीसाठी भाऊ काय वाटेल ते लिहून देईल."

"बाई, तुम्ही कुणालाही विचारा, हवं तर आत्ता चालवून दाखवतो."

"सहाशे माणसांना पुन्हा सुई टोचायचीय मला. त्यांना हे चालवून दाखवू?"

धाकटीने टेबलावरचं पेन उचललं आणि लिहायला लागली. 'माझ्या हातून चुकून', एवढं लिहून झाल्यावर बाईंनी बोट ठेवलं.

"'चुकून' खोडा. 'निष्काळजीपणे' लिहा."

दादा तिच्या खुर्चीमागे उभा होता. धाकटीने खोडलं आणि लिहिलं.