हवेलीच्या दरवाजाची उंची

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आता सांगून काही दुरुस्त होणार आहे का? नाही. तरी सांगते.

भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत मी शिक्षिका. गाइडचं पथकही माझ्याकडेच. बॅजच्या चाचण्या आम्ही गावाबाहेरच्या निजामकाळातल्या हवेलीत घ्यायचो. दोराच्या गाठी, प्रथमोपचार, आवारात तीन दगडांच्या चुलीवर पिठलं. आणि हवेलीच्या दरवाजाची उंची — मैत्रिणीला खाली उभं करायचं, लांबून काठी धरायची, अंदाज काढायचा. उत्तर माझ्या वहीत होतं: अडतीस फूट. आधीच्या बाईंनी लिहिलेलं. मी स्वतः कधी मोजलं होतं? कधीच नाही.

मुली तो आकडा वरच्या वर्गातल्या मुलींकडून ऐकूनच यायच्या. थोडा पुढे-मागे करून सांगायच्या — सदतीस, एकोणचाळीस. मला ठाऊक होतं. मी टिक करायचे.

त्या शनिवारी प्रज्ञा म्हणाली, सत्तावीस. नववीतली, गवंड्याची मुलगी. हा एक बॅज मिळाला की राज्य पुरस्काराच्या परीक्षेला बसणार होती.

“तीनदा मोजलं मॅडम. तेवढंच येऊन राह्यलं.”

“मंग बाकीच्या काय आंधळ्या हैत?” — मी तिच्याच बोलीत म्हणाले. मुद्दाम. मुली फिदीफिदी हसल्या. मी तिला नापास केलं.

सोमवारी हवेलीत विसरलेले दोर आणायला गेले. गंमत म्हणून तिथल्या राखणदाराला प्रज्ञाचा आकडा सांगितला, तर तो म्हणाला, “बराबर हाय की पोरीचं. वरला नगारखाना तुमच्या आधीच उतरवला. पडायला झाल्ता.”

वर चढून दोर खाली सोडला. सत्तावीस फूट, वर चार बोटं.

निकालाची यादी तेव्हा कुठे होती? माझ्या पर्समध्ये. एक शब्द खोडायचा होता, एवढंच. पण मग बाकीच्या अकरा जणींचं काय — आणि माझं काय? यादी तशीच जिल्ह्याला पाठवली.

प्रज्ञाने स्कार्फ धुऊन, इस्त्री करून परत दिला. पुन्हा पथकात आली नाही. का, ते मी विचारलं नाही — ठाऊकच होतं.

वहीत मात्र मी सत्तावीस लिहिलं. ते मुलींना कळायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी त्या सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस सांगू लागल्या — एकीनेही काठी उचलली नव्हती. मी टिक करत गेले.